गाय हिंदू संस्कृतीत पवित्र का मानली जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसुबारसेला गाय-वासरासमोर ताट घेऊन उभे राहिले की घरातल्या मुलांकडून काही प्रश्न हमखास येतात, आणि परगावी किंवा परदेशी स्थायिक झालेले नातेवाईक सुट्टीत घरी आले की तेही साधारण तेच विचारतात. मी गोठा असलेल्या घरात वाढलो, त्यामुळे हे प्रश्न मला जवळचे वाटतात. ग्रंथांत काय लिहिले आहे, इतिहासात काय घडले आणि गोठ्यात रोज काय घडते, हे तिन्ही समोर ठेवून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हिंदू लोक गायीला देव मानतात का?

बहुतेक हिंदूंच्या मनात गायीचे पहिले स्थान आईचे आहे आणि देवतेचे स्थान त्यामागून येते. गावोगाव मारुती, विठोबा, खंडोबा, भवानी यांची देवळे दिसतात. गायीचे स्वतंत्र देऊळ मात्र क्वचितच आढळते, कारण तिची पूजा गोठ्यात, अंगणात किंवा ती जिथे उभी असेल तिथेच होते. कपाळाला हळदकुंकू लावायचे, पायांवर पाणी घालायचे, पाठीवरून फिरवलेला हात आपल्या डोळ्यांना लावायचा आणि घास तिच्या तोंडात द्यायचा, एवढ्यात ती पूजा पूर्ण होते.

गायीच्या पोटात तेहतीस कोटी देव असतात, असे घरोघरी सांगितले जाते. प्राचीन वैदिक ग्रंथांत आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती असे तेहतीस देव मोजलेले आहेत. संस्कृतात 'कोटी' या शब्दाचा 'प्रकार' असाही अर्थ होतो, म्हणून काही अभ्यासक हा आकडा तेहतीस प्रकारच्या देवांचा मानतात. आकड्याचा अर्थ कसाही लावला, तरी त्यामागची भावना अशी की एका गायीला घास दिला म्हणजे सगळ्या देवांना नैवेद्य पोहोचला. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत असलेली दत्ताची तसबीर पाहिली तर तीच भावना चित्रातही दिसते: तीन मुखांच्या दत्तामागे गाय उभी असते आणि पायाशी चार कुत्रे असतात. त्या कुत्र्यांना चार वेद आणि गायीला पृथ्वी किंवा कामधेनू मानण्याची परंपरा आहे.

या पावित्र्याची सुरुवात कोठे सापडते?

लिखित पुरावा ऋग्वेदापासून मिळतो. वैदिक लोकांचे जीवन गुराढोरांभोवती फिरत होते आणि ज्याच्याकडे गाई जास्त तो श्रीमंत, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या भाषेत युद्धाला 'गविष्टि', म्हणजे गाई मिळवण्याची इच्छा, असा एक शब्द आहे. राजाला किंवा रक्षणकर्त्याला 'गोपा' म्हणजे गाई राखणारा म्हटले आहे. ऋग्वेदात गायीसाठी 'अघ्न्या', म्हणजे जिला मारू नये अशी, हा शब्द अनेकदा येतो. आठव्या मंडलातील एका ऋचेत गायीला रुद्रांची माता, वसूंची कन्या, आदित्यांची बहीण आणि अमृताची नाभी म्हटले असून, या निरपराध गायीला मारू नका, असे स्पष्ट सांगितले आहे.

आपण आजही त्या गोठ्यातूनच बोलतो, हे मला फार मोलाचे वाटते. 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधण्याची जागा. त्यावरून 'गोठा' आला, आणि अशा जागी जमून माणसे बोलत बसत त्या 'गोष्ठी'वरून आपली 'गोष्ट' आली. लग्नसंबंध जुळवताना विचारले जाणारे 'गोत्र' मुळात गाईंच्या रक्षणाची जागा होते. 'गवेषणा' म्हणजे हरवलेली गाय शोधणे. पुढे विद्वानांच्या संशोधनाला तोच शब्द लागला. संध्याकाळी गाई रानातून परतताना जी धूळ उडते ती गोरज, आणि त्या वेळेचा गोरज मुहूर्त आजही लग्नपत्रिकेवर छापला जातो, मग कार्यालयाच्या आसपास चार कोसांत एकही गाय नसली तरी.

वेदकाळात गोमांस खाल्ले जात होते, असे म्हणतात. ते खरे आहे का?

या प्रश्नाचे उत्तर अनेकांना अप्रिय वाटते, तरी ते सरळ द्यायला हवे. गायीला अघ्न्या म्हणणाऱ्या त्याच प्राचीन वाङ्मयात यज्ञात गाय किंवा बैल बळी देण्याचे आणि विशेष पाहुण्यासाठी तो मारण्याचे उल्लेखही आहेत. पाणिनीने पाहुण्यासाठी 'गोघ्न' हा शब्द नोंदवला आहे. त्याचा अर्थ ज्याच्यासाठी गाय मारली जाते तो, असा होतो. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या विशाल ग्रंथात दोन्ही बाजूंची वचने मांडली आहेत, आणि त्यांच्या विद्वत्तेबद्दल किंवा श्रद्धेबद्दल कोणी शंका घेईल असे वाटत नाही.

पुढे धर्मशास्त्रकारांनीच हा विषय हातावेगळा केला. कलियुगात वर्ज्य मानलेल्या आचारांची, म्हणजे कलिवर्ज्यांची, एक यादी तयार झाली आणि तिच्यातल्या प्रसिद्ध श्लोकात अश्वमेधातील घोड्याच्या बळीबरोबर 'गवालंभ', म्हणजे गायीचा बळी, हाही वर्ज्य ठरवला गेला. एखादी गोष्ट नव्याने वर्ज्य करावी लागते याचा अर्थ ती पूर्वी कुठेतरी होत होती, हे तर उघडच आहे. पण आपल्या परंपरेने जुनी प्रथा विचारपूर्वक सोडून दिली, हेही त्यातूनच दिसते, आणि मला त्यात कमीपणाचे काही वाटत नाही.

मग गाय पूर्णपणे अवध्य कशामुळे ठरली?

एका कारणाने हे घडले नाही आणि एका दिवसात तर नाहीच. सगळ्यांत जमिनीलगतचे कारण शेती हे आहे. भटके पशुपालन मागे पडून नांगराची शेती पसरली, तसे बैलाशिवाय शेत आणि गायीशिवाय बैल मिळेना. दुष्काळात पोटासाठी गाय मारणाऱ्या घराला पुढच्या पावसाळ्यात नांगराला जुंपायला काही उरत नसे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वासरू, वळू आणि दुभती गाय यांना मारणाऱ्यास ५० पणांचा (पण हे त्या काळचे नाणे) दंड सांगितला आहे. तिथे पापापेक्षा राज्याच्या उत्पन्नाची चिंता अधिक दिसते.

त्याच सुमारास जैन आणि बौद्ध धर्मांनी अहिंसेचा आग्रह धरला आणि यज्ञातल्या पशुबळीवर टीका केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की बौद्ध धर्माशी चाललेल्या संघर्षात ब्राह्मणांनी गोमांस सोडून गाय पवित्र ठरवली आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणाऱ्या, गावाबाहेर राहणाऱ्या समूहांवर त्यातूनच अस्पृश्यता लादली गेली. या मांडणीशी सगळे अभ्यासक सहमत नाहीत. परंतु गायीच्या पावित्र्याचा इतिहास सांगताना मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले त्यांचा इतिहास वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे जे आवाहन झाले, ते याच इतिहासाचा भाग आहे.

शेतीचे कारण किती खोल आहे हे महात्मा फुले यांच्या लेखनात दिसते. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी, गोऱ्या सैनिकांच्या खाण्यासाठी होणाऱ्या गाई, बैल आणि वासरांच्या कत्तलीमुळे शेतकऱ्याला बैल मिळेनासे झाले, ही तक्रार मांडली आणि ती कत्तल कायद्याने बंद करण्याची मागणी केली. पुराणांवर कठोर टीका करणारा विचारवंत शेतकऱ्याच्या दावणीकडे पाहून त्याच मागणीपर्यंत पोहोचतो, हे विसरता येण्यासारखे नाही.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ मध्ये हाच मुद्दा सिद्धांताच्या रूपात मांडला: बैल, शेणखत, सरपण आणि दूध यांच्या हिशेबाने भारतीय शेतकऱ्याने गाय न मारणे हा व्यवहारच आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांना ते पटले नाही. चाऱ्याच्या मानाने जनावरे जास्त झाली की सगळीच अर्धपोटी राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. उन्हाळ्याच्या अखेरीस मराठवाड्यातल्या एखाद्या कोरड्या गावातली गुरे ज्याने पाहिली आहेत त्याला दांडेकरांचा आक्षेप सहज झटकता येणार नाही.

गायीविषयीच्या कथांपैकी कोणत्या कथा मुळातून समजून घ्याव्यात?

समुद्रमंथनातून निघालेली कामधेनू आणि वसिष्ठांच्या आश्रमातील नंदिनी या कथा सर्वांना ठाऊक असतात, म्हणून त्या येथे पुन्हा सांगत नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वातली च्यवन ऋषींची कथा मात्र तितकी सांगितली जात नाही. पाण्यात तप करीत बसलेले च्यवन ऋषी कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर सापडतात. आपल्यालाही माशांसारखीच किंमत देऊन सोडवावे, असे ते म्हणतात. राजा नहुष हजार नाणी, लाख नाणी, मग अर्धे राज्य आणि अखेर सगळे राज्य देऊ करतो, आणि ऋषी प्रत्येक वेळी म्हणतात की ही माझी योग्य किंमत नव्हे. शेवटी एका वनवासी मुनीच्या सांगण्यावरून राजा एक गाय देतो, तेव्हा च्यवन म्हणतात की आता मला योग्य मोल मिळाले. राज्यापेक्षा गाय जड ठरवणारी ही कथा ज्या समाजात रचली गेली, त्याला नाण्यांचा व्यवहार चांगला माहीत होता, हे तिच्यातल्या चढत्या बोलीवरूनच कळते.

दुसरी कथा पृथू राजाची. पृथ्वीने धान्य पोटात दडवल्यामुळे प्रजा उपाशी मरू लागते, तेव्हा राजा धनुष्य घेऊन तिच्यामागे लागतो. ती गायीचे रूप घेऊन पळते आणि शेवटी म्हणते की मला मारलेस तर प्रजा कोठे ठेवशील, त्यापेक्षा वासरू लाव आणि माझे दूध काढ. गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही, हे ज्याने रोज पहाटे पाहिले आहे त्यालाच अशी कथा सुचू शकते.

कृष्णाचा आणि गायीचा संबंध इतका महत्त्वाचा का?

गोपाळ, गोविंद ही नावेच सांगतात की हा देव गुराख्यांमध्ये वाढला. गोवर्धनाच्या कथेत कृष्ण नंदाला विचारतो की आपण वनात राहून गाईंवर जगणारी माणसे, तर इंद्राचा यज्ञ करण्याऐवजी या डोंगराची आणि गाईंचीच पूजा का करू नये? आपले पोट ज्याच्यावर चालते त्याचा मान आधी, हा त्याचा युक्तिवाद आहे. भक्तिसंप्रदाय देशभर पसरला तसा हा विचार यज्ञशाळेबाहेरच्या लाखो माणसांपर्यंत गेला, आणि माझ्या मते गायीचे पावित्र्य सर्व जातींत रुजण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

महाराष्ट्रात हा धागा पंढरपुराशी जुळतो. आषाढी वारीचा शेवट पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काल्याने होतो. लाह्या, दही, पोहे एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडात घालताना वारकरी स्वतःला कृष्णाचे सवंगडी समजतात. मराठी संतांनी तर देव आणि भक्त यांचे नाते सांगताना गाय-वासराचा दृष्टांत इतक्या वेळा दिला आहे की तो वेगळा काढून दाखवण्याची गरज पडत नाही.

महाराष्ट्रात गायीची पूजा केव्हा आणि कशी होते?

दिवाळीची सुरुवातच आपल्याकडे गायीपासून होते. आश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस. संध्याकाळी घरातल्या सवाष्णी वासरासह गायीची पूजा करतात, दिवसभर उपवास असतो आणि तो बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन सोडतात. त्या दिवशी दूध, दही, तूप खात नाहीत, कारण आजचे दूध वासराचे. गहू आणि मूगही वर्ज्य असतात, आणि त्यामागची कहाणी ऐकताना लहानपणी माझ्या अंगावर काटा येत असे. सासूने शेतावर जाताना सुनेला गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेवायला सांगितले. तिला म्हणायचे होते गहू आणि मूग, पण गोठ्यातल्या दोन वासरांची नावेही गव्हाळी आणि मुगाळी अशीच होती, आणि नव्या सुनेने भीत भीत वासरे चिरून शिजवली. सासू देवापुढे बसून राहिली, संध्याकाळी गाई हंबरत आल्या, आणि देवाला दया येऊन वासरे उड्या मारीत आईकडे धावली. ही कहाणी सांगून झाल्यावर माझी आजी आम्हाला बोलू देत नसे. आधी गोठ्यात जाऊन कंदिलाच्या उजेडात वासराच्या गळ्याखाली खाजवून यायचे आणि मगच पानावर बसायचे, असा तिचा दंडक होता.

पाडव्याच्या सुमारास अनेक गावांत अंगणात शेणाच्या गवळणी आणि शेणाचा गोवर्धन करतात आणि त्यांना झेंडूची फुले खोवतात.

बैलाचा सण वेगळा आहे. बहुतेक महाराष्ट्रात श्रावण अमावास्येला पोळा असतो, तर कोल्हापूर-सांगलीकडे बेंदूर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच येऊन जातो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते: वर्षभर जू ओढून बैलाच्या मानेवर जो कडक घट्टा पडलेला असतो त्यावर गरम पाण्याने शेकून हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात, आणि त्याला सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' हा घट्टा हाताला कसा लागतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला गोवंश पवित्र का, हा प्रश्न विचारावासा वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, अंगावर झूल, नवी वेसण, नवा कासरा, आणि पुरणपोळीचा पहिला घास बैलाला. विदर्भात त्यानंतर तान्हा पोळा होतो, त्यात लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवतात.

जुन्या काळातल्या दगडांवरही हे कोरलेले आहे. गावाबाहेर किंवा देवळाजवळ उभे असलेले वीरगळ नीट पाहिले तर अनेकांवर लढणाऱ्या वीराच्या मागे गाईंची रांग दिसते. गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो मेला, एवढाच त्याचा लेख. वासराला पाजणाऱ्या गायीचे शिल्प असलेले दगडही महाराष्ट्रात सापडतात आणि ते दान दिलेल्या जमिनीशी संबंधित मानले जातात.

म्हैस जास्त आणि दाट दूध देते, मग ती पवित्र का नाही?

म्हशीला आपल्या संस्कृतीत काहीच स्थान नाही, हे खरे नाही. म्हसोबा हा शेताच्या बांधावरचा देव तिच्याच कुळातला आहे, दिवाळीत मुले म्हणतात ते ओवाळणीचे गाणे गाई आणि म्हशी दोघींना ओवाळते, आणि कोल्हापुरात दिवाळीला रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी दिमाखात मिरवल्या जातात. तरीही रेडा यमाचे वाहन झाला, महिषासुराचे रूप झाला आणि दसऱ्याला अनेक ठिकाणी त्याचा बळी दिला जात असे. यामागे कामाचा फरक असावा. कोरड्या, उन्हाच्या मुलखात दिवसभर नांगर आणि गाडी ओढण्याचे काम वशिंडाचा बैल करतो. रेड्याला पाणी आणि चिखल लागतो. वैदिक परंपरेची मुळेही गायीच्या कळपांत आहेत. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी-रेडे आहेत, आणि आपल्या चहातले दूध बऱ्याचदा म्हशीचेच असते.

पंचगव्याला वैज्ञानिक आधार आहे का?

दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण मिळून पंचगव्य होते आणि धार्मिक विधीत शुद्धीसाठी त्याचे किंचित प्राशन करतात. ही श्रद्धेची बाब आहे आणि तिला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. त्याच कारणाने, गोमूत्राने कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो अशा दाव्यांवर विसंबून कोणीही औषधोपचार थांबवू नयेत. असे दावे सिद्ध झालेले नाहीत. गाय प्राणवायू सोडते, हा मोबाइलवर फिरणारा मजकूरही चुकीचा आहे. इतर प्राण्यांप्रमाणेच तीही प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, शिवाय रवंथ करताना मिथेन बाहेर टाकते. गायीचे मोठेपण अशा आधारांवर उभे करणारे लोक तिच्यावर प्रेम करीत असतील, परंतु मुलांसमोर तिला खोटी साक्ष द्यायला लावतात, याचे मला वाईट वाटते. शेणाचे खत, गोवऱ्यांचे सरपण आणि सारवलेली जमीन यांची उपयुक्तता कोणालाही डोळ्यांनी दिसते.

सगळेच हिंदू गोमांस वर्ज्य मानतात का?

बहुसंख्य मानतात, सगळे नाहीत. केरळमध्ये, ईशान्य भारतात आणि काही दलित व आदिवासी समाजांत खाण्याच्या चालीरीती वेगळ्या आहेत. उलट बाजूने पाहिले तर गायीविषयीची आस्था हिंदूंपुरती मर्यादित नाही. मुंबईत भुलेश्वरला १८३४ साली पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचा आश्रय, सुरू झाली, तिच्या स्थापनेत पारशी असलेल्या सर जमशेटजी जीजीभाय यांचा मोठा वाटा होता.

आधुनिक महाराष्ट्रातील विचारवंतांनी याकडे कसे पाहिले?

येथे दोन टोके आहेत आणि दोन्ही महाराष्ट्रातच आहेत. महात्मा गांधींनी गोरक्षेपेक्षा गोसेवा हा शब्द पसंत केला आणि त्यांच्या प्रेरणेने जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात वर्ध्यात गोसेवेला वाहून घेतले. विनोबा भावे यांनी एप्रिल १९७९ मध्ये पवनारला गोवधबंदीसाठी उपोषण केले, आणि १९८२च्या जानेवारीत त्यांच्या प्रेरणेने मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. दुसऱ्या टोकाला स्वातंत्र्यवीर सावरकर आहेत. गाय हा अत्यंत उपयुक्त पशू आहे, त्याचे उत्तम पालन करावे, पण त्याला माणसापेक्षा श्रेष्ठ देवता मानू नये, असे त्यांनी १९३०च्या दशकात निःसंदिग्ध शब्दांत लिहिले. मी स्वतः हळदकुंकवाचे ताट घेऊन उभा राहणारा माणूस आहे, तरीही गोठा स्वच्छ नसेल तर पूजेला अर्थ नाही, हा सावरकरांच्या लेखनातून निघणारा बोध मला पूर्ण मान्य आहे.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या ४८व्या कलमात शेती आणि पशुपालन आधुनिक पद्धतीने संघटित करावे, जातिवंत गुरांचे संवर्धन करावे आणि गाई, वासरे व इतर दुभती आणि ओढकामाची गुरे यांच्या कत्तलीस मनाई करण्यासाठी पावले उचलावीत, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. घटना समितीत १९४८च्या नोव्हेंबरमध्ये यावर चर्चा झाली. ठाकूरदास भार्गव यांनी ही दुरुस्ती मांडली आणि अखेर कलम धर्माचा उल्लेख न करता शेतीच्या भाषेत लिहिले गेले. प्रत्यक्ष कायदे राज्यांचे असतात आणि ते एकसारखे नाहीत. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी आली आणि २०१५ मध्ये ती बैल व वळूंपर्यंत वाढवली गेली; म्हशी त्या पूर्ण बंदीत येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रत्येक गायीमागे रोज ५० रुपये अनुदान जाहीर केले.

गोरक्षणाच्या नावाखाली जमावाने माणसे मारल्याच्या घटना देशात घडल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या जुलैमध्ये अशा झुंडींना आवरण्याचे स्पष्ट आदेश राज्यांना दिले. नुसत्या संशयावरून माणसाचा जीव घेणे हा खून आहे, आणि गायीच्या नावाने तो झाला तर गायीवर श्रद्धा असणाऱ्यांनी सर्वांत आधी आवाज उठवला पाहिजे.

भाकड गायीचे काय करायचे, हे कोणी का सांगत नाही?

हा प्रश्न शेतकरी विचारतात आणि त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. आमच्या घरी तांबू नावाची गाय होती. शेवटचे वेत झाल्यावर ती चार वर्षे दूध न देता दावणीला होती, आणि एका दुष्काळी वर्षी कडब्याचे भाव चढले तेव्हा वडिलांनी तिच्यासाठी विकत चारा आणला. त्यांना ते जमले, कारण घरात एकाची नोकरी होती. ज्याच्या घरी तसा आधार नाही, त्याची गाय आज बाजारात विकली जात नाही, गोशाळेत जागा नसते आणि शेवटी ती हमरस्त्यावर दिसते. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला आणि गोव्याची श्वेत कपिला या आपल्या गाई टिकाव्यात असे वाटत असेल, तर चारा छावण्या, शेणखताला योग्य भाव आणि म्हाताऱ्या जनावरासाठी थेट शेतकऱ्याला मदत, यांवर बोलावे लागेल. गोप्रदान करताना आज बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष गायीऐवजी रोख दक्षिणा दिली जाते. तीच रक्कम एखाद्या शेतकऱ्याच्या भाकड गायीच्या चाऱ्याला गेली तर ते दान नावाप्रमाणे होईल.

शहरात गायीला घास घालायचा असेल तर काय घालावे?

देवळाबाहेर गाय बांधून गवताच्या पेंढ्या विकत बसलेली बाई दिसली तर पेंढी घ्यावी. शिळे अन्न पिशवीत बांधून कचराकुंडीजवळ ठेवू नये. गाय चारा आधी भराभर गिळते आणि नंतर निवांत रवंथ करते, त्यामुळे पिशवीसकट अन्न पोटात जाते. ते प्लास्टिक बाहेर पडत नाही. पोटात त्याचा गोळा साठत जातो आणि पशुवैद्यांना शस्त्रक्रिया करून कित्येक किलो प्लास्टिक काढावे लागते. सणाच्या दिवशी शंभर घरांतून आलेल्या पुरणपोळ्या, भात आणि गूळ एकाच गायीच्या पोटात गेले तर तिच्या पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि ती दगावूही शकते. मोठ्या गायीला रोज साधारण १५ ते २० किलो हिरवा आणि ५ ते ६ किलो सुका चारा लागतो. पुरणपोळीचा नैवेद्य द्यायचाच असेल तर एक घास द्यावा, बाकी ओला चारा द्यावा, आणि उन्हाळा असेल तर आधी बादलीभर स्वच्छ पाणी तिच्यापुढे ठेवावे.